पाणी कुठे जातं?

अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या नॉर्थ डाकोटात जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. तिथल्या शेतघरांत धुणं मात्र बारा महिने असायचं. दोरीवर घातलेला सदरा काही मिनिटांत पत्र्यासारखा ताठ व्हायचा आणि बाह्या वाऱ्यावर खडखडायच्या. घाईने घडी घालायला गेलं, तर आतला बर्फ कडकन मोडायचा. मग बायका ते कपडे फळ्या रचाव्यात तसे हातांवर रचून घरात आणत आणि शेगडीभोवती उभे करून ठेवत. गोठलेलं पाणी वितळण्याआधीच थोडं थोडं थेट हवेत उडून जातं, त्यामुळे बर्फ झालेले कपडेही हळूहळू वाळत. पण तोवर पुढचं धुणं पिळून तयार असे.

याच प्रांतात राहणाऱ्या जे. रॉस मूर यांना ही दरवर्षीची कसरत असह्य झाली. घराशेजारच्या छपरात त्यांनी एक पिंप बसवलं, त्याला खालून आच दिली आणि ओले कपडे त्यात फिरवून वाळवायला सुरुवात केली. पुढची अनेक वर्षं ते या यंत्राच्या मागे होते. गॅसवर चालणारा एक नमुना आणि विजेवर चालणारा एक नमुना त्यांनी तयार केला, पण हातात भांडवल नव्हतं. आज जगभरच्या घरांत घुमणाऱ्या टंबल ड्रायरचा वंश या छपरापर्यंत मागे नेता येतो.

ड्रायर कोणता घ्यावा, हा प्रश्न आज दुकानात उभं राहून विचारला जातो. व्हेंटेड, कंडेन्सर आणि हीट पंप असे तीन प्रकार समोर असतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. त्यांतला फरक समजून घ्यायचा तर एकच साधा प्रश्न पुरतो. कपड्यांतलं पाणी जातं कुठे? आठ किलो सुती कपडे मशीनने चांगले पिळून काढले, तरी त्यांत चार ते पाच लिटर पाणी उरतं. दोरीवर ते पाणी आकाशात जातं आणि त्याचा कुणी विचार करत नाही. बंद घरात मात्र त्याला वाट काढून द्यावी लागते. ही वाट प्रत्येक देशात वेगळी निघाली, आणि ती ठरवताना इंजिनिअरांइतकाच वाटा तिथल्या घरांच्या भिंतींचाही होता.

मूर यांच्या आधीही आगीवर कपडे वाळवण्याचे प्रयत्न झाले होते. १८०० सालच्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या माणसाने भोकं पाडलेलं धातूचं पिंप बनवलं. ओले कपडे आत भरायचे, पिंप आगीवर धरायचं आणि हाताने दांडा फिरवायचा. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे, आणि आच जास्त झाली तर कापड करपे. महाराष्ट्रातल्या बाळंतिणीच्या खोलीत ज्यांनी पावसाळा पाहिला आहे, त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. शेगडीत निखारे घालायचे, त्यावर वेताची टोपली उपडी ठेवायची आणि टोपलीवर बाळाची लंगोटं आणि दुपटी पसरायची. निखाऱ्यांवर ओवा आणि धूप टाकला की दुपट्यांना धुराचाच वास लागे, पण तो हवासा असे. पोशाँचं पिंप म्हणजे आगीवर फिरती ठेवलेली टोपलीच होती.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला ७ जून १८९२ रोजी कपडे वाळवण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं. आज अनेक ठिकाणी त्यांना ‘ड्रायरचा जनक’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्यांचं साधन फिरणारं नव्हतं. शेगडीच्या वर कपडे टांगता येतील अशी ती चौकट होती. पण उघड्या आगीऐवजी घरातली बंद शेगडी वापरायची आणि तिची ऊब वाया जाऊ द्यायची नाही, हा विचार त्या चौकटीत होता. शंभर वर्षांनी ड्रायरच्या इतिहासात तोच विचार पुन्हा वर आला.

मूर यांच्या यंत्राला आसरा मिळाला तो विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स या गावात. तिथली हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८८० साली सुरू झाली ती छपाईसाठी लाकडी खिळे बनवणारा कारखाना म्हणून. सर्कशीच्या आणि निवडणुकांच्या मोठमोठ्या पोस्टरांवरची अक्षरं तिथे लाकडात कोरली जात. पुढे खिळे ठेवण्याची कपाटं आली आणि त्यापाठोपाठ दवाखान्यांची आणि प्रयोगशाळांची कपाटंही आली. कपाटांत मुरलेल्या या कारखान्याने मूर यांचा आराखडा घेतला आणि १९३८ साली ड्रायर बाजारात आणला. त्याचं नाव ठेवलं ‘जून डे’.

विस्कॉन्सिनमध्ये जून म्हणजे मऊ उन्हाचा, मोकळ्या वाऱ्याचा महिना. वर्षभर जूनचा दिवस घरात आणून देऊ, असं ते नाव सांगत होतं. मुंबईत याच जूनमध्ये मृग लागतो आणि दोरीवरचे कपडे पुढचे चार महिने आत येतात.

यंत्र चालत होतं, पण विकणं अवघड होतं. बाहेरून पाहिलं तर ती पत्र्याची पांढरी पेटी होती; आत काय चाललंय ते कळतच नसे. मिलवॉकीचे डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी सुचवलं की दाराला काचेची खिडकी बसवा आणि दुकानात मांडताना आत भडक रंगांच्या चड्ड्या फिरत ठेवा. रंग घुमू लागले तशी गिऱ्हाइकं थांबू लागली. हेच स्टीव्हन्स पुढे हार्ले डेव्हिडसनच्या मोटरसायकलींना रूप देणारे म्हणून गाजले.

या पहिल्या पिढीतून जो प्रकार रूढ झाला, तो व्हेंटेड. त्याची रचना अगदी सरळ आहे. खोलीतली हवा आत ओढायची, विजेच्या तारेवर किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवायची, फिरणाऱ्या कपड्यांतून न्यायची आणि ओली झालेली हवा जाड नळीतून घराबाहेर सोडून द्यायची. पाणी कुठे जातं? भिंतीपलीकडे. अमेरिकेतल्या उपनगरी घराला हे उत्तर चपखल बसलं. घर सुटं, चारही बाजूंना बाहेरच्या भिंती, त्याही बहुधा लाकडी, आणि मालक स्वतः राहणारा. भोक पाडायला कुणाची परवानगी नको. वीज स्वस्त, आणि जड यंत्रांसाठी २४० व्होल्टची वेगळी जोडणी घरातच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशी घरं झपाट्याने उभी राहिली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात उभारलेल्या लेव्हिटाउनमध्ये सतरा हजारांहून अधिक घरं बांधली गेली. बऱ्याच घरांसोबत धुलाईयंत्रही मिळे. त्याबरोबर करारात एक अट असे. अंगणात कायमची दोरी बांधायची नाही; छत्रीसारखी मिटणारी दांडी चालेल, पण काम झालं की काढून ठेवायची. वाळत घातलेले कपडे म्हणजे गरिबीची खूण, ही भावना अशा अटींतून पक्की होत गेली. १९५६ साली जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांनी शेकडो वीज कंपन्यांच्या साथीने ‘विजेवर अधिक चांगलं जगा’ अशी देशव्यापी मोहीम काढली. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या घराला दारावर लावायला सोनेरी पदक मिळे. दोरी खाली आली आणि ड्रायर चढला. आज अमेरिकेत दर पाच घरांपैकी सुमारे चार घरांत ड्रायर आहे.

व्हेंटेड ड्रायरचे गुण खरे आहेत. तो स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपा. तासाभरात कपडे हातात देणारा. खोलीत दमटपणा राहत नाही. उणीव अशी की पाण्याबरोबर तो उष्णताही बाहेर फेकतो. असा ड्रायर मिनिटाला तीन ते पाच हजार लिटर हवा घराबाहेर काढतो. हिवाळ्यात ही हवा घर तापवणाऱ्या यंत्रणेने पैसे खर्चून उबदार केलेली असते. ती गेली की फटींतून तेवढीच गार हवा आत येते आणि पुन्हा तापवावी लागते.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. कपडे घुसळताना सुताचे बारीक तंतू सुटतात. त्यांना लिंट म्हणतात. जाळीतून निसटलेले तंतू नळीत साचतात, हवेची वाट अरुंद करतात, आणि ते पेटायला फारशी आच लागत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांची आकडेवारी मांडली, तेव्हा घरांतल्या ड्रायरमुळे लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश आगींचं कारण एकच होतं: जाळी आणि नळी वेळच्या वेळी साफ न करणं.

दोरीच्या बाजूने आवाज उठला तोही अमेरिकेतच. १९९५ साली व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजात अणुऊर्जाविरोधी डॉक्टर हेलन कॅल्डिकॉट यांचं भाषण झालं. सगळ्यांनी कपडे बाहेर वाळत घालण्यासारख्या साध्या गोष्टी केल्या, तर अणुवीज प्रकल्पांची गरजच उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. श्रोत्यांत अलेक्झांडर ली हा विद्यार्थी होता. त्याने ‘प्रोजेक्ट लाँड्री लिस्ट’ ही संस्था काढली आणि ‘वाळत घालण्याचा हक्क’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी आणला. २००९ साली व्हरमाँटने कायदाच केला. दोरी बांधायला सरसकट बंदी घालणाऱ्या अटी तिथे यापुढे चालणार नव्हत्या.

युरोपातल्या शहरांत गोष्ट वेगळी घडली. तिथे माणसं राहत होती ती भाड्याच्या बिऱ्हाडांत, दगडी किंवा विटांच्या जाड भिंतींच्या चार-पाच मजली इमारतींत. भिंतीला भोक पाडायचं तर घरमालक विचारणार, आणि दर्शनी भागाला पाडायचं तर नगरपालिकाही विचारणार. स्वीडन आणि स्वित्झर्लंडने यावर सामाईक उपाय काढला. तळघरात सगळ्या इमारतीची एक धुलाईखोली आणि शेजारी वाळवणाची खोली. स्वित्झर्लंडमध्ये धुण्याच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागलेला असे आणि खोलीची किल्ली बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरत असे. त्या किल्लीवरून होणारे रुसवेफुगवे इतके ओळखीचे होते, की ह्यूगो लोएत्शर या स्विस लेखकाने १९८३ साली आपल्या लेखसंग्रहाला नाव दिलं तेच: धुलाईखोलीची किल्ली.

ज्यांना यंत्र स्वतःच्या बिऱ्हाडातच हवं होतं, त्यांच्यासाठी आला कंडेन्सर ड्रायर. इथे तापलेली ओली हवा बाहेर न सोडता यंत्रातच खोलीच्या हवेने गार केली जाते. गरम चहाच्या कपावर बशी ठेवली की बशीच्या पोटाला थेंब जमतात, तसं कपड्यांतलं पाणी थेंबांच्या रूपात उतरतं आणि डब्यात साचतं. कोरडी झालेली हवा पुन्हा तापवून आत जाते. पाणी कुठे जातं? डब्यात, आणि दर खेपेला तिथून मोरीत.

नळी नाही, भोक नाही, ड्रायर हवा त्या खोलीत ठेवा, ही त्याची मोठी सोय. पण हवा गार करताना काढून घेतलेली उष्णता शेवटी त्याच खोलीत येते. हिवाळ्यात ती बरी वाटते, उन्हाळ्यात नकोशी होते. थोडी वाफ फटींतून निसटतेच. त्यामुळे लहान खोलीत खिडकी मिटून तो चालवला, तर काचा घामेजतात आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. विजेचा खर्च व्हेंटेड इतकाच. शिवाय हवा गार करणारा भाग तंतूंनी चोंदतो. तो काढून नळाखाली धुवावा लागतो. तंतूंचा धोका इथेही आहेच. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत सदोष ड्रायरमुळे आग लागली आणि ब्रिटनभर ड्रायरच्या सुरक्षिततेची चर्चा पेटली.

याच घराण्यातलं आणखी एक यंत्र म्हणजे एकाच पिंपात धुणारा आणि वाळवणारा वॉशर-ड्रायर. जागा वाचते हे खरं. पण धुताना आठ किलो कपडे मावतात, तर वाळवताना जेमतेम पाच. कारण कपड्यांना उलटसुलट पडायला मोकळी जागा लागते. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांत वाफ गार करायला नळाचं थंड पाणी वापरतात, म्हणजे कपड्यांतलं पाणी काढण्यासाठी वेगळं पाणी खर्ची पडतं.

व्हेंटेड आणि कंडेन्सर, दोघांपुढेही निसर्गाचा एक हिशेब उभा असतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागते. कपड्यांत पावणेपाच लिटर पाणी असेल, तर तीन युनिटांच्या खाली गोष्ट येतच नाही. प्रत्यक्षात चार ते साडेचार युनिटं जातात. हा हिशेब चुकवायचा तर एकच मार्ग उरतो: वाफेत गेलेली उष्णता परत मिळवायची.

हीट पंप ड्रायर नेमकं तेच करतो. त्याच्या पोटात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि वायू भरलेली बंद नळी असते. नळीची एक बाजू थंड आणि दुसरी गरम. ओली हवा थंड बाजूवरून गेली की तिच्यातलं पाणी गळून पडतं आणि उष्णता नळीत शिरते. तीच उष्णता गरम बाजूने पुन्हा हवेला मिळते. एकदा खर्च केलेली ऊब यंत्र पुन्हा पुन्हा वापरतं. १९९७ साली एईजी या जर्मन नाममुद्रेने घरगुती हीट पंप ड्रायर बाजारात आणला. आज आठ किलोच्या चांगल्या यंत्राला एका खेपेसाठी दोन युनिटं किंवा त्याहूनही कमी वीज पुरते.

तापमान पन्नास-साठ अंशांपर्यंतच जातं, त्यामुळे लोकर आणि इलॅस्टिक टिकतं आणि रंगही कमी विटतात. याची किंमत मोजावी लागते ती वेळात. दोन ते तीन तास लागतात. यंत्र महाग आणि जड असतं. नळी बंद असल्यामुळे बिघाड झाला तर दुरुस्ती खर्चिक. थंडीत उघड्या गॅरेजमध्ये ठेवलं तर कॉम्प्रेसर रेंगाळतो. सुरुवातीच्या यंत्रांत भरला जाणारा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून प्रबळ होता. आता त्याची जागा बहुतांशी प्रोपेनने घेतली आहे.

सामाईक धुलाईखोल्यांच्या स्वित्झर्लंडनेच इथे पहिलं कठोर पाऊल उचललं. १ जानेवारी २०१२ पासून तिथे वीजबचतीचा ‘अ’ दर्जा असलेलेच नवे ड्रायर विकता येऊ लागले, म्हणजे प्रत्यक्षात फक्त हीट पंपाचे. १ जुलै २०२५ पासून युरोपीय संघाचेही नवे निकष लागू झाले आणि जुन्या दोन्ही प्रकारांना तिथल्या नव्या बाजाराचं दार जवळपास बंद झालं. सॅम्पसन यांच्या चौकटीतला विचार, शेगडीची ऊब वाया जाऊ न देण्याचा, अखेर कायद्यात उतरला.

महाराष्ट्रात ‘ड्रायर’ हा शब्द आला तो वेगळ्या अर्थाने. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या, अरुंद टबाला इथे ड्रायर म्हणतात. ‘ड्रायरमधून काढले’ म्हणजे कपडे पिळून निघाले. वाळत घालायचे बाकीच आहेत. हा टब गरम करत नाही, फक्त गरागरा फिरवून पाणी बाहेर फेकतो. शब्द निसटता असला तरी काम मोलाचं आहे. एक लिटर पाणी फिरवून काढायला लागणारी वीज ही ते तापवून काढायला लागणाऱ्या विजेच्या मानाने अगदी नगण्य असते. म्हणून युरोपातही ड्रायर वापरणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो मशीनवर पिळण्याचा वेग वाढवण्याचा.

उरलेलं काम इथे अजून हवाच करते. जुन्या घरांत सोवळ्याची धोतरं आणि लुगडी छताजवळच्या वलणीवर काठीने चढवत, कुणाचा हात लागू नये म्हणून. ती काठी चाळींच्या गॅलऱ्यांत आली आणि सोवळं गेल्यावरही राहिली. आता फ्लॅटच्या बाल्कनीत कप्पीवर वर-खाली होणाऱ्या नळ्या असतात. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर तर चिमट्याचीही गरज पडत नाही. दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणलेल्या असतात आणि त्यांच्या पिळात कापडाचं टोक खोचलं की वाऱ्यातही ते हलत नाही. आज तिथेही मोठी धुलाईयंत्रं आणि वाळवणयंत्रं आली आहेत, पण उन्हाच्या दिवसांत वर दोऱ्यांवर ओळीने चादरी फडफडतातच.

खरी अडचण जुलैची. हवाच पाण्याने इतकी भरलेली असते, की ती कपड्यांतलं आणखी पाणी घेत नाही. जीन्सच्या कमरपट्ट्याला तिसऱ्या दिवशीही ओल लागते आणि शाळेच्या गणवेशाला कुबट वास येतो. मग अनेक घरांत रात्री एक गोष्ट घडते. झोपायच्या खोलीत घडीचा स्टँड उघडायचा, त्यावर सकाळी लागणारे कपडे पसरायचे, पंखा लावायचा आणि एसी सुरू करायचा. एसीची थंड जाळी खोलीतल्या हवेतलं पाणी काढून घेते, कोरडी हवा पंख्याने कपड्यांवर जाते आणि ओली होऊन पुन्हा जाळीकडे येते. सकाळी बाल्कनीत, एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली अर्धी भरलेली असते. रात्री गणवेशात असलेलं पाणी आता तिच्यात असतं, आणि शाळेची बस यायच्या आधी ते कुणीतरी तुळशीला घालतं.